डब्यात काय आहे?

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. अठरा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिला परदेशात शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. अभ्यासक्रम वर्षभराचा. नवरा शिंपी, अबोल माणूस. तो म्हणाला, "जा, इकडचं मी बघतो." तेरा वर्षांच्या लेकीनेही, ठमीने, रडून झाल्यावर मान डोलावली. अडून बसल्या त्या सासूबाई.

"पोरीला टाकून निघालीस? या वयात पाटी-पेन्सिल?" एवढं त्या एकदाच बोलल्या आणि त्यांनी जो अबोला धरला तो दोन महिने सुटला नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी त्या ठमीला सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ सरकव." आई तर ठमीला चिकटून बसलेली असायची.

निघायच्या दिवशीही त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. ठमीनेच एक पत्र्याचा डबा आणून दिला. वरून मांजरपाट लावून नवऱ्याने तो दुहेरी दोऱ्याने शिवून टाकला होता.

"आजीने दिलाय," ठमी म्हणाली.

"काय आहे यात?"

"मला काय माहीत? दार लावून भरत होती."

सिस्टरने डबा बॅगेत ठेवला. विचारायला आत जावं असं फार वाटलं, पण बाहेर रिक्षा थांबली होती.

विमान उतरायच्या बेतात असताना सगळ्यांना एकेक फॉर्म मिळाला. सोबत खाण्याचे पदार्थ आहेत का? धान्य, बिया, दूध, मांस? शेजारच्या खुर्चीवर अशीच शिकायला निघालेली एक मुलगी होती. तिने पटापट सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या.

"मावशी, 'नाही' लिहून मोकळ्या व्हा. कोण बघतंय!"

सिस्टर पेन हातात धरून बसली. न दिलेलं औषध दिलं म्हणून तिने अठरा वर्षांत एकदाही केसपेपरवर लिहिलं नव्हतं. हात वळेचना. शेवटी तिने 'हो'वर खूण केली.

ती मुलगी सरळ दाराबाहेर निघून गेली. सिस्टरला मात्र डावीकडच्या रांगेत पाठवलं. तिथे स्टीलच्या लांबलचक टेबलामागे रबरी हातमोजे घातलेली एक अधिकारीबाई उभी होती. चेहरा असा, की हसू परवान्याशिवाय मिळणार नाही.

"यात काय आहे?"

"खायचं आहे," सिस्टर आपल्या जेमतेम इंग्रजीत म्हणाली. "काय आहे ते माहीत नाही."

"मग भरलं कुणी?"

"सासूबाईंनी."

अधिकारीबाईने तिच्याकडे बघितलं. "मग त्यांना विचारा," ती म्हणाली आणि टाके उसवायला कात्री घेतली.

सिस्टरने विमानतळाच्या वायफायवरून घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. "मला गं काय ठाऊक? मी फक्त वरून शिवलं. थांब, आईलाच देतो."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. मग काहीच नाही. फक्त श्वास.

"आई, डब्यात काय काय आहे ते सांगा ना. इथे बाई खोळंबल्यात."

श्वास तसाच चालू राहिला. एव्हाना अधिकारीबाईने एक पुडी सोडून चिमूटभर पूड उजेडात धरली होती.

"आई, मला पकडतील हो!"

"कोण पकडतंय तुला?" सासूबाईंचा आवाज एकदम चढला. "दे त्या बाईला फोन! म्हणावं, भाजलेलं पीठ आहे. विष नाही. ड्यूटीवरून आली की हिला गॅस पेटवायचंही त्राण नसतं, पाण्यात कालवून प्यायला केलंय. बाटलीत लिंबाचं लोणचं. छोट्या डबीत सुंठ, हिला गारठा सोसत नाही. आणि..."

सिस्टर एकेक गोष्ट इंग्रजीत सांगत गेली. 'त्राण'पाशी तिला शब्द सापडला नाही. अधिकारीबाई एकेक वस्तू बाजूला ठेवत मान हलवत होती. शेवटी तिने तळाशी असलेली चिंधीची गाठ उचलली. "आणि हे?"

"मेथी," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीत कुंडीत पेर. वर्षभर राहायचंय ना तुला? हिरवं पान कुठून मिळणार?"

बिया नेता येत नव्हत्या. अधिकारीबाईने तसं सांगितलं, गाठ लाल पेटीत टाकली आणि फॉर्मवर शिक्का मारला. "बाकीचं न्या. आधीच सांगितलंत ते बरं केलंत. आणि शिवण छान होती, उसवायला जिवावर आलं."

सिस्टरने सगळं डब्यात कोंबलं, मांजरपाट कसंबसं गुंडाळलं.

"काय झालं गं? सोडलं का?"

"सोडलं, आई. फक्त मेथी ठेवून घेतली."

"घेऊ देत. त्यांनाही हिरवं लागतंच की," सासूबाई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस. ठमीची दाढ दुखतेय, तुझ्या नवऱ्याला काही कळत नाही. लवंग देऊ का?"

"द्या. कोमट पाण्याच्या गुळण्या पण करायला लावा."

सिस्टर एका हाताने बॅग ओढत बाहेर उन्हात आली. विद्यापीठाची बस समोरच उभी होती. सासूबाई आता शेजारणीच्या सुनेवर घसरल्या होत्या, दोन महिन्यांचं तुंबलेलं एकदम सुटलं होतं. पुढची बस अर्ध्या तासाने होती. सिस्टर बाकावर टेकली, चपला काढून पाय मोकळे केले आणि ड्रायव्हरला हातानेच सांगितलं, जा तू.

"मग काय म्हणाली ती?" तिने फोनमध्ये विचारलं.