सांदीतलं कुंकू

घरातली सतार आजेसासऱ्यांचीच आहे, यावर कुमुदताई ठाम होत्या. त्यांचे दीर चंद्रशेखर म्हणायचे, मूळची कधीच गेली, ही मागाहून आणलेली नक्कल. रिटायर होऊन जुन्या वाद्यांच्या मागे लागल्यापासून भावजींना कशातच खरेपणा दिसेनासा झाला होता. आज ते भिंग घेऊनच बेलापूरच्या फ्लॅटवर आले.

कुमुदताईंनी कालच सतार घासूनपुसून लख्ख केली होती. अभ्यासक येणार म्हटल्यावर ती कळकट दिसून कसं चालेल?

भोपळा दांडीला मिळतो तिथे भावजींनी बराच वेळ भिंग धरलं.

"वहिनी, दर खंडेनवमीला आजी सतारीला इथेच कुंकू लावायची, मग आई. इतक्या वर्षांचा थर सांदीत तरी सापडायला हवा. इथे कणभरही नाही."

कुमुदताई उठल्या. बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घातलेलं फडकं आणि जुना टूथब्रश त्यांनी भावजींपुढे आपटला. किती धुतलं तरी दोन्हींची लाली गेली नव्हती.

"हे घ्या तुमचं कुंकू."

भावजींनी फडक्यावर भिंग फिरवलं आणि शांतपणे मिटून खिशात ठेवलं.

"फडकं अस्सल आहे, वहिनी. सतारीचं आता कुणालाच सांगता येणार नाही."