बादलीत उरलेलं पाणी

कुरोसेने गुडघे टेकले आणि भाताचं पान दोन बोटांत धरलं. पान उघडं होतं, तळहातासारखं सपाट. शेजारच्या ओळीतलं पान धरून पाहिलं तर ते सुईसारखं गुंडाळलेलं. बोट लागताच टोकाचा चुरा झाला. त्याने पुन्हा पहिलं पान धरलं. ते उघडंच होतं.

ऊन टळटळीत होतं. जपानच्या इबाराकी प्रांतातली काळी माती वाळून पिठासारखी झाली होती, बुटांखाली उडत होती. पावसाची चिन्हं दिसली की वरचं प्लास्टिकचं छप्पर ओढून घ्यायचं, या तुकड्यावर थेंबही पडू द्यायचा नाही आणि कुठलं भात तग धरतं ते पाहायचं, हेच त्याचं या उन्हाळ्यातलं काम. ओबोनची, पितरांच्या सणाची, सुट्टी संपवून तो आज परतला होता आणि आठवी ओळ त्याला हिरवी दिसली होती. त्या वाणाचं बी मूठभरच होतं, म्हणून त्याची ही एकच ओळ पेरलेली.

त्याची नेमणूक मार्चअखेर संपत होती. ही त्याची तिसरी संशोधन संस्था. विभागप्रमुख आनेगावा सेन्सेई पेरणीच्या वेळी म्हणाले होते, "एक हिरवी ओळ दाखव, कुरोसे. तिच्या जोरावर मी समितीपुढे तुझ्यासाठी भांडेन. नाहीतर काय, तुझ्या तोंडाकडे बघून भांडू?"

त्याने त्यांना फोन केला. "येतो," एवढंच ते म्हणाले, पण आवाज उत्साहाने चढला होता.

तेवढ्यात फुकुए-सान बार्लीच्या गार चहाचा थर्मास घेऊन आली. सत्तरी ओलांडलेली ही बाई तो इथे यायच्या कितीतरी आधीपासून या शेतात खुरपणीला होती.

"जेवलात का, सेन्सेई? की आजही दुकानातला भाताचा गोळा? दिवसभर भातात असता आणि भात विकत आणून खाता."

"हे बघा, फुकुए-सान."

तिने वाकून पाहिलं. "अगंबाई, जगली की! मग ते पाणी प्यायलं कुणी?"

"कसलं पाणी?"

"मी घातलेलं." तिने पेल्यात चहा ओतला आणि त्याच्यासमोर धरला. "वर टेकाडावर आमच्या माणसाची कबर आहे ना. ओबोनचं पाणी घालून उतरत होते, बादलीत थोडं उरलं होतं. ते काय घरी परत न्यायचं? आणि इथे तुमची ही पोरं जीभ बाहेर काढून उभी. प्रत्येक ओळीपाशी नावाची लाकडी पट्टी, तीही अगदी कबरीमागे लावतात तसली. घातलं."

"यांना पाणी द्यायचं नसतं."

"ते का मला माहीत नाही? इतकी वर्षं मीच तर देत नाहीये. पण ओबोनला हो, सेन्सेई? ओबोनला कुणाला तहानलेलं ठेवतात का?"

कुरोसेने टोपी काढली, आत काहीतरी लिहिलेलं असावं तसं तिच्यात पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. हसावं की ओरडावं ते त्याला ठरवता येईना. चहा मात्र त्याने पिऊन टाकला.

"म्हणजे या ओळीला घातलंत."

"छे! हिला." तिने सातव्या ओळीकडे बोट केलं. सातवी पार वाळली होती. "हिची दशा फार वाईट होती. हिरवीला कशाला घालू?"

"नक्की?"

"माझे गुडघे गेलेत, डोळे नाहीत."

तो दोन ओळींच्या मध्ये उकिडवा बसला. जिला पाणी मिळालं ती मेली होती आणि शेजारची उभी होती. हिने खालून मुळं सरकवून ते पाणी ओढून घेतलं असेल? की ओल आपोआपच इकडे झिरपली? का पाण्याचा काही संबंधच नाही आणि ही स्वतःच्या बळावर उभी आहे? प्रत्येक उत्तर खरं वाटत होतं, आणि दुसऱ्याचा विचार केला की पहिलं खोटं.

आनेगावांची गाडी बांधापाशी थांबली. गळ्यातल्या पंच्याने मान पुसत ते आले, आठव्या ओळीपाशी वाकले आणि त्यांनी चक्क शीळ घातली.

"सेन्सेई, यात एक घोटाळा आहे," कुरोसे म्हणाला.

पुढचं फुकुए-साननेच सांगून टाकलं. आनेगावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सातव्या ओळीकडे.

"मग घोटाळा कुठे आहे? पाणी मिळालेली मेली, न मिळालेली जगली. याहून चांगली साक्ष तुला कोण देणार?"

"पण मुळं आडवी जाऊन पाणी हिनेच घेतलं असलं तर?"

"मग हुशार आहे म्हणायची."

"आणि नुसती शेजारी होती म्हणून भिजली असली तर?"

आनेगावा पंच्याची टोकं हातात धरून उभे राहिले. "कुरोसे, तुला नोकरी हवी आहे ना?" त्यांनी ते रागाने विचारलं नाही. खरंच माहीत नसावं तसं विचारलं.

"हवी आहे."

"मग लोंब्या भरू दे. कापणी कर, आकडे आण. मुळांचं पुढच्या वर्षी बघू."

गाडी गेली तरी कुरोसे बांधाकडेच पाहत राहिला. पुढच्या वर्षी, असं त्याला या संस्थेत आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग तो अवजारांच्या खोलीत गेला आणि फावडं घेऊन आला. मुळं कुठून कुठे गेलीत ते आत्ताच दिसणार होतं. कापणीपर्यंत मेलेल्या ओळीची मुळं कुजली असती, ओलीचा मागमूसही उरला नसता. पण आत्ता खणलं तर ओळ मोडणार. मग लोंब्या नाहीत आणि आकडेही नाहीत.

"ते तर म्हणाले, राहू दे," फुकुए-सान म्हणाली.

"हो."

"मग हे फावडं?"

"मलाही नीट कळत नाहीये."

त्याने पातं दोन ओळींच्या मधल्या पट्टीत टेकवलं आणि त्यावर पाय ठेवला. तसाच उभा राहिला. पाय काढला. घाम पुसला आणि पुन्हा ठेवला.

फुकुए-सान बराच वेळ पाहत होती. मग थर्मासचं झाकण घट्ट लावून ती गुडघ्यांवर हात देत खाली बसली, आणि आठव्या ओळीची हिरवी पानं तिने दोन्ही हातांनी कवेत घेऊन हळूच बाजूला ओढली.

"दाबा आता," ती म्हणाली. "पण जरा लांबून. हिला लागायला नको."