माथेरानचा अनुभव

आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या रानात भाड्याचे घोडे घेऊन कॅम्पिंगला गेलो, तेव्हा फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं, 'अनुभव: दहा वर्षं.' लहानपणी दर मे महिन्यात माथेरानला घोड्यावर बसायचो ना! म्हणून मला सगळ्यात उंच घोडा मिळाला. तो तंबूपासून चार पावलं गेला आणि गवत खात उभा राहिला. मी टाच मारली, चुचकारलं, अस्सल पुणेरी शिव्याही दिल्या. ढिम्म हलेना.

घोड्यांच्या मालकीणबाईंनी विचारलं, "तिकडे कसा चालवायचास?"

तेव्हा आठवलं, तिकडे घोडेवाला लगाम धरून पुढे चालायचा.

शेवटी माझी बायको विद्या आपल्या घोड्यावरून चिखलात उतरली आणि दोन्ही लगाम धरून चालू लागली. मागून दोन्ही घोडे निमूट निघाले, वर बसून मीही.

दुसऱ्या दिवशीचा फॉर्म तिनेच भरला. माझ्या नावापुढे लिहिलं, 'अनुभव: नुसतं बसण्याचा. लग्नानंतरची बारा धरून बावीस वर्षं.'