आठ फर्म्यांचे पुस्तक

"बाबा, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत?" असे अश्विनीने लग्न होऊन विद्यानगरच्या घरात आल्या आल्या विचारले होते, तेव्हा एकनाथराव पुटपुटले होते, "लोकांच्या चुका शोधल्या." आणि हे बोलणे फारच मोठेपणाचे झाले असे वाटून त्या दिवशी ते सुनेसमोर पुन्हा आलेच नाहीत.

उत्तर तसे चोख होते. हैदराबादेत गौलीगुड्यातल्या एका मराठी छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षे प्रुफे तपासली होती. आता निवृत्तीनंतर रोज सकाळी अफझलगंजच्या वाचनालयात जायचे, खिडकीजवळची खुर्ची धरायची आणि जेवणवेळेला परतायचे, हा नेम. वाचताना छापील चूक दिसली, तर "आपलेच चुकत असेल" म्हणून घरी येऊन कोश उघडायचे. कोश नेहमी त्यांच्या बाजूने निघे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका.

ते सत्त्याण्णव साल होते. ज्या फोनसाठी शेजारच्या सुशीलाबाईंनी आठ वर्षे वाट पाहिली होती, तो एकनाथरावांच्या घरी अर्ज केल्यापासून दोन महिन्यांत येऊन बसला होता. शहरात नव्या नव्या कंपन्या उघडत होत्या आणि त्यांतल्याच एकीत अश्विनी नोकरीला होती. मिलिंद, तिचा नवरा, बँकेच्या निजामाबाद शाखेत. पंधरा दिवसांनी यायचा. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून अशी तीनच माणसे, आणि त्यांतली बोलणारी दोनच.

त्या रविवारी सकाळी अश्विनीने बैठकीच्या खोलीत ऑफिसातून आणलेल्या, आकड्यांनी भरलेल्या कागदांच्या लांबच लांब पट्ट्या पसरल्या होत्या. कुरडया वाळत घालाव्यात तशा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"आता मी पाय कुठं ठेवू?" दारात अडकलेल्या सासूबाई, भामाबाई, म्हणाल्या. "कायकू एवढी परेशान होतेस माय? आज इतवार आहे."

"आई, उद्या दुपारी बारापर्यंत चूक सापडली नाही ना, तर हे काम आमच्याकडून काढून अमेरिकेतल्या लोकांना परत देणार आहेत." अश्विनीने केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचली. "सहा महिने भांडले मी त्यासाठी. आम्हाला नुसत्या चाचण्या करायला ठेवू नका, कर्नेलमधलं काम द्या म्हणून."

"ते काय असतं?"

"कॉम्प्युटरचा गाभा. सगळ्या प्रोग्रामांना जागा वाटून देणारा."

भामाबाईंनी "हौ का" म्हणून पातळाचा ओचा सावरला आणि कागदांवरून उडी मारून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

एकनाथराव खुर्चीत पुस्तकाआडून पाहत होते. सुनेचे काम त्यांना परके वाटत नव्हते, हीच अडचण होती. एक कागद डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, नजर इकडून तिकडे, आणि दर दोन ओळींनी जागा चुकणारे बोट. एकट्या माणसाने प्रुफे तपासली की हे असे होते. त्यांनी तीनदा घसा साफ केला.

"एक जण वाचतो आणि दुसरा खुणा करतो," शेवटी ते म्हणाले. "छापखान्यात तसं करायचो. म्हणजे... तुला अडथळा होणार असेल तर राहू दे."

अश्विनीने वर पाहिले. "वाचाल तुम्ही? खरंच?"

"अर्थ कळणार नाही मला."

"अर्थ कळूनसुद्धा माझं काय झालंय बघताय ना!"

एकनाथराव मांडी घालून खाली बसले. वाचण्याआधी अश्विनीने त्यांना थोडक्यात समजावले. कॉम्प्युटरमधली जागा सुटी मिळत नाही. चार हजार शहाण्णव खणांचा एक गट असतो, त्याला पेज म्हणायचे. कुणी पाच हजार खण मागितले तर सव्वा गट देता येत नाही. आकडा वर ओढायचा आणि दोन गट द्यायचे. डिस्कवरून माहिती येत असताना गाभ्याने तेवढी पेजं घट्ट धरून ठेवायची असतात, नाहीतर ती मधेच दुसऱ्या कुणाला दिली जातात. "आणि आमच्याकडे कधी कधी माहितीचं शेपूट खराब होतं. शेवटचा तेवढा तुकडा. डोकं शाबूत, धड शाबूत, शेपूट गायब!"

"वर ओढण्यात चूक?"

"दहा वेळा तपासलं, बाबा. पाच हजाराची दोन पेजं. बरोबर. शंभराचं एक. बरोबर. वाचा तुम्ही. आधी सुरुवात पेजच्या कितव्या खणापासून आहे ते, मग लांबी, मग निकाल."

एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि एकतीस वर्षांच्या सवयीच्या संथ, सपाट आवाजात वाचायला लागले. "सुरुवात शून्य, लांबी पाच हजार, बरोबर. सुरुवात तीन हजार, लांबी पाच हजार, बरोबर. सुरुवात साडेतीन हजार, लांबी पाच हजार, चूक."

"हेच! लांबी तीच आणि एकदा बरोबर, एकदा चूक. पुढे?"

"सुरुवात शून्य, लांबी शंभर, बरोबर. सुरुवात चार हजार पन्नास, लांबी शंभर, चूक."

"इवलंसं शंभर, आणि तेही चूक," अश्विनी हताशपणे म्हणाली. "मला वाटलं होतं, मोठीच बिघडतात."

एकनाथराव आणखी दोन पट्ट्या वाचत गेले. आकडे वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि एका ओळीवर थांबला. ही चूक त्यांच्या ओळखीची होती. नुसत्या ओळखीची नव्हे. ती त्यांची स्वतःची होती. पस्तीस वर्षांपूर्वीची.

"चहा आणतो," म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले.

"काय झालं?" भामाबाईंनी विचारले.

"ते कोड्यांचं पुस्तक... तिची चूक तीच आहे, असं मला वाटतं. पण मला काय कळतंय त्यातलं! मी छपाईचे शिशाचे खिळे पाहिलेला माणूस."

"मग जाऊन सांगा."

"हसेल ती."

"हसू द्या की. तिचे दात दिसतील. तुमचं काय जातं?"

"आणि चुकीचं असलं तर?"

"तर ती सांगेल चुकीचं आहे म्हणून. पस्तीस वर्षं ते पुस्तक ट्रंकेत गोधड्यांखाली ठेवलंय तुम्ही. गोधड्या काढताना दरवेळी मलाच उचलावं लागतं. जा!"

एकनाथरावांनी ट्रंक उघडली. पिवळ्या पुठ्ठ्याचे पातळ पुस्तक घेऊन ते बैठकीच्या खोलीत आले आणि उभ्या उभ्याच, जणू मालकापुढे कबुली द्यावी तसे बोलू लागले.

"हे हिम्मतराव मास्तरांचं पुस्तक. एकशे एक गणिती कोडी. बासष्ट सालचं. फर्म्यांचा अंदाज माझ्याकडे होता. छापखान्यात पानं सुटी छापत नाहीत, अश्विनी. सोळा पानांचा एक फर्मा. सतरा पानं झाली तरी दोन फर्मे. तुमचं ते जे पेज, ते आमचं पान नव्हे, आमचा फर्मा."

अश्विनीने मान हलवली.

"मजकूर भरला एकशे बावीस पानं. मी वर ओढला. एकशे अठ्ठावीस, बरोबर आठ फर्मे. तेवढाच कागद मागवला. त्या काळी कागद मिळायचा मारामारीनं. आठही फर्मे छापून झाले आणि दोन पानांचा मजकूर जुळवलेला तसाच टेबलावर शिल्लक. जायला जागाच नाही."

"का? एकशे बावीस तर एकशे अठ्ठावीसमध्ये आरामात बसतात."

"बसतात. पण मजकूर पहिल्या पानापासून सुरू होत नव्हता ना," एकनाथरावांनी पुस्तक उघडून दाखवले. "आधी मास्तरांचं नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका. आठ पानं. मजकूर नवव्या पानावर सुरू. मी फर्मा पहिल्या पानापासून धरला आणि लांबी मात्र नुसत्या मजकुराची वर ओढली. वर ओढणं बरोबर होतं. आधी सुरुवातीची आठ मिळवायची, मग ओढायचं, ते राहिलं. नेमकं शेपूट गेलं. शेपटात कोड्यांची उत्तरं होती. चौऱ्याऐंशीपासून एकशे एकपर्यंत."

अश्विनी हसली. एकनाथरावांनी डोळे मिटून घेतले. हसू वाढतच गेले. ती कागदांवर बसल्या बसल्या मांडीवर हात मारत हसत होती.

"बाबा! अहो बाबा! साडेतीन हजार आणि पाच हजार, साडेआठ हजार! तीन पेजं लागतात, आम्ही दोनच धरतोय! चार हजार पन्नास आणि शंभर, दोन लागतात, एकच धरतोय!" ती ताडकन उठली. "सुरुवात पेजच्या पहिल्या खणापर्यंत खाली ओढणारा एक माणूस, लांबी वर ओढणारा दुसरा. दोघांचंही बरोबर. मधल्या अंतराचं कुणी विचारलंच नाही! आई, माझ्या चपला कुठे आहेत?"

"नाश्ता करून जा ग!"

"नक्को!" अश्विनी चक्क हैदराबादी सुरात ओरडली. जिन्यावरून ती परत आली आणि सासऱ्यांच्या हातातले पुस्तक तिने मागितले. "हे नेऊ? सांभाळून आणीन."

खाली ऑटो फटफटत निघून गेली, तरी एकनाथराव तसेच उभे होते.

दुपारी त्यांना जेवण गेले नाही. पट्ट्या गोळा करून त्यांनी क्रमाने घड्या घातल्या. एकदा त्यांना वाटले, शून्य आणि शंभरचा हिशेब आपण उलटा तर वाचला नाही ना? घड्या सोडून पुन्हा पाहिले. बरोबर वाचला होता. मग वाटले, चूक तीच असली तरी त्यामागे आणखी एखादी असेल. भामाबाई म्हणाल्या, "तुम्ही घड्या घाला. चांगल्या घालता."

साडेचारला फोन वाजला. एकनाथराव सहसा फोन उचलत नसत. भामाबाईंनी उचलला, "हौ, हौ" केले आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. "तुम्हाला बोलावतेय."

"बाबा!" पलीकडे बराच गलका होता. "दोन हजार चाचण्या लावल्या, मुद्दाम वेड्यावाकड्या सुरुवातींच्या. एकही शेपूट गेलं नाही! एकसुद्धा! साहेबांनी अमेरिकेला कळवलंय. काम इथेच राहणार. आणि दुरुस्तीशेजारी मी टीप लिहिली आहे: आधी सुरुवातीची आठ पानं मिळवा, मग वर ओढा. साहेबांनी विचारलं, आठच का? म्हटलं, ते आमचं घरगुती आहे."

एकनाथरावांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे त्यांना जरा वेळाने उमगले. "बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं झालं."

"आता ऐका, इथे भलतीच पंचाईत झाली आहे. तुमच्या पुस्तकातली कोडी घालतेय मी सगळ्यांना, आणि आता एक्क्याण्णवाव्यावर मारामारी चाललीय. नदीला पाणी चढलंय, नाव एकच, नावेत सारी मिळून सहा माणसं मावतात. अठ्ठावीस उतारूंना पलीकडे न्यायचं तर नावेच्या किती फेऱ्या होतील? आमच्यातला सौरभ म्हणतो पाच. सगळेच म्हणतात पाच. उत्तर बघायला गेलो तर पुस्तकच संपलं!"

नोकरीत असेपर्यंत शाळेतली पोरे, पोरांचे बाप, एकदा तर मोंढ्यातला एक धान्याचा दुकानदारही छापखान्यात येऊन हीच उत्तरे विचारून गेला होता. अठराही उत्तरे एकनाथरावांना तोंडपाठ होती. आजवर ती त्यांनी खाली मान घालून दिली होती. आज त्यांनी पाठ सरळ केली.

"सहा," ते म्हणाले, आणि कोश उघडावा असे त्यांना वाटले नाही. "सौरभला म्हणावं, एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तेच? नाव वल्हवायला कुणीतरी बसलंय ना आधीच!"

पलीकडे असा काही हास्याचा गडगडाट उठला, की भामाबाईंना तो स्वयंपाकघराच्या दारात ऐकू आला.

"बाबा, ब्याण्णवावं!" अश्विनी ओरडली.

एकनाथरावांनी पायाने खुर्ची जवळ ओढली आणि ते फोनशेजारी ऐसपैस बसले. "वाच," ते म्हणाले.