जुळलेली किल्ली

इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल जिच्याकडे होती तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे तारवाली. गळ्यात निळ्या केबलचं वेटोळं अडकवून, शिडीवर चढून, छताच्या फळ्या सरकवत ती दिवसभर फिरायची, म्हणून. तिला ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कोणाचा स्क्रीन काळा पडो की कोणाचा प्रिंटर रुसो, तारवालीचा हात लागला की गाडी रुळावर. खोड एकच. आपलंही चुकू शकतं, हे तिच्या कधी डोक्यातच यायचं नाही.

त्याच इस्पितळात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, तिची नणंद कामाला होती. शेंडेफळ म्हणून घरात तिला बारकी म्हणत आणि तेच नाव इस्पितळातही चिकटलं होतं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच स्कूटरवरून कामाला यायच्या. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, पण बारकी तोंडाची फटकळ. चार पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या वहिनीला गॅसवरची भाजी करपलेली कळत नाही, पण दोन मजले वरचं मशीन गरम झालेलं बरोबर कळतं." सगळे हसायचे. तारवालीही हसायची, आणि एक कुसळ आत तसंच राहायचं.

एके दिवशी सकाळी इस्पितळात हलकल्लोळ उडाला. पेशंटांचे ढीगभर रिपोर्ट कुणीतरी चोरून इंटरनेटवर उघडे टाकले होते. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला तिचा आजार शेजारणीकडून कळला. तिचा नवरा इस्पितळाच्या दारात उभा राहून रडला. अधीक्षकांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, तारवालीला बोलावलं.

"मॅडम, मला कारणं नकोत. हे कुठून झालं ते सांगा."

तारवाली कामाला लागली. चोरी आतल्याच एका कॉम्प्युटरवरून होत होती, एवढं लगेच दिसलं. पण कुठल्या? नेटवर्कवर कॉम्प्युटरांचे पत्ते बदलत राहतात. आज याचा तो उद्या त्याचा. नावाचंही तेच, कुणीही काहीही नाव देतं. पण आपण दुरून एखाद्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला गेलो की तो आधी आपली किल्ली, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ, दाखवतो, आणि ती तो पहिल्यांदा चालू करताना एकदाच तयार झालेली असते. माणसाचा अंगठ्याचा ठसा असावा तशी. तारवालीने इस्पितळातल्या सगळ्या किल्ल्या आधीच गोळा करून ठेवल्या होत्या. चोराच्या पत्त्यावर जाऊन तिने त्याची किल्ली घेतली आणि आपल्या प्रोग्रामला विचारलं, ही कोणाची?

पहिलंच उत्तर आलं: लॅब, खिडकीजवळचं मशीन. बारकीचं.

त्या क्षणी तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटून गेलं. छातीत काहीतरी गोड हललं. सापडलीस, असं. पुढे कित्येक दिवस ती तो क्षण आठवायची आणि एकटी असली तरी पदराने तोंड झाकावंसं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत लॅबचे सगळे, मेट्रन आणि हिशेबनीस जमले. घरचं माणूस म्हणून तिला आधी बाजूला घेऊन विचारावं, हे तारवालीच्या मनात आलं होतं. पण मग लोक म्हणतील, नणंदेला वाचवते. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पत्ता बदलतो, नाव बदलतं, किल्ली बदलत नाही. हे काम लॅबच्या खिडकीजवळच्या मशीनवरून झालंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. बारकीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनी, मी काही केलेलं नाही."

"मी तुझं नाव घेतलं का? मशीनचं घेतलं."

"त्या मशीनवर मीच बसते. दुसरं कोण बसतं?"

"मग तूच सांग," तारवाली म्हणाली. "मशीन खोटं बोलत नाही."

बारकीला घरी बसवलं. तिचा कॉम्प्युटर काढून तारवालीच्या खोलीतल्या कपाटात कुलुपात ठेवला. घरात जेवणं मुक्यानं होऊ लागली. नवरा ताटातलं अर्धं टाकून उठायला लागला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुला खात्री आहे ना, बाई? मग झालं." बारकी आपल्या खोलीतून बाहेर यायची ती सगळे झोपले की.

तो आठवडा सरायच्या आत चोर पुन्हा आला. तारवालीने झडप घातल्यासारखी त्याची किल्ली घेतली. तीच किल्ली होती, अक्षर न् अक्षर तीच. आणि ती जिची असायला हवी होती ते मशीन तिच्या पाठीमागे कपाटात, वायर काढून, मुकाट पडलं होतं.

तिने मागे वळून कपाटाकडे बघितलं. मग प्रोग्रामचं ते जुनं उत्तर पुन्हा उघडलं आणि या वेळी खालपर्यंत वाचलं. पहिल्या ओळीखाली आणखी तीन ओळी होत्या: रेकॉर्ड रूम, औषधांचा साठा, प्रवेशद्वाराजवळची चौकशी. चौघांची किल्ली एकच.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. हे चार कॉम्प्युटर एकदमच आले होते. तिने एक नीट लावला आणि वेळ वाचावा म्हणून त्याच्या डिस्कची नक्कल बाकीच्या तिघांत उतरवली होती. नक्कल केल्यावर जुन्या किल्ल्या पुसून प्रत्येकाला नवी करून द्यायची असते. ती राहून गेली होती. चार भावंडांना तिने एकच अंगठा दिला होता, आणि पहिलं नाव दिसताच वाचायचं थांबली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

उरलेली तिन्ही मशीन तपासल्यावर चोर निघाला चौकशीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर. तिथे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी सिनेमा उतरवता उतरवता त्यात व्हायरसची कीड आणून सोडली होती, आणि तीच कीड रिपोर्ट बाहेर पाठवत होती. माणूस असा कुणी नव्हताच.

तारवालीची बोटं कीबोर्डवर गेली. चारही मशीनना नव्या किल्ल्या करून टाकल्या तर ही चूक कुणाला कधीच कळणार नव्हती. कीड सापडली, बारकी सुटली, सगळे खूश. तिने पहिला हुकूम टाइपही केला. मग तो पुसला, चौकशीच्या मशीनची तार काढायला लावली आणि स्क्रीनचा फोटो काढून मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं ते झालं. तिला उद्या बोलवा. चौकशी पूर्ण झाली, एवढंच सांगू. तुमचं नाव कशाला?"

"ज्या खोलीत बोलले तिथेच आणि त्याच माणसांसमोर सांगायचंय मला," तारवाली म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारकीलाही बोलावून सगळे त्याच खोलीत जमले आणि तिने सगळं सांगितलं. हिशेबनीस छताकडे बघत राहिला, मेट्रनने चष्मा पुसायला घेतला. बारकी दाराशी उभी होती. सगळे पांगल्यावर तारवाली तिच्याजवळ गेली. "बारके, चुकलं माझं."

"मशीनचं चुकलं ते मला कळलं," बारकी म्हणाली. "त्याचा राग नाही. आदल्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटत होतीस. एकदा विचारलं असतंस." बारकी जायला वळली आणि थांबली. "आणि वहिनी, बोलताना तू खूश होतीस. मी बघितलं."

हे कुणी बघितलं असेल असं तारवालीला वाटलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. 'नाही' असं ओठांवर आलं होतं. शेवटी तिने नुसती मान हलवली. हो.

बारकी दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण स्कूटरवरून नाही, बसने.

तारवालीने चारही मशीन स्वच्छ करून नव्या किल्ल्या दिल्या. त्याबरोबर इस्पितळभर स्क्रीनवर इशारे झळकले: या कॉम्प्युटरची ओळख बदलली आहे, सावध. फोनवर फोन सुरू झाले. वॉर्डातली सिस्टर, औषधवाला, खुद्द हिशेबनीस, सगळ्यांचा प्रश्न एकच: "हे काय नवीन?" आणि दर वेळी ती सांगायची, "आधी चौघांची किल्ली एकच होती. माझी चूक." फोन ठेवला की कान तापलेला असायचा. पण 'तांत्रिक कारण' हे दोन शब्द तिने एकदाही वापरले नाहीत.

संध्याकाळच्या आत लॅबमधून फोन आला.

"रेकॉर्ड रूमच्या मशीनची ओळख बदललीय म्हणतंय," बारकी म्हणाली. "हो म्हणू का?"

"माझ्या सांगण्यावरून म्हणू नकोस. स्क्रीनवरची अक्षरं वाच, मी इथून ताडून बघते."

बारकीने वाचायला सुरुवात केली. मधेच ती थांबली. "वहिनी, हे शून्य आहे की ओ?"

"शून्यच. नाही, थांब, जाऊन बघून सांगते," तारवाली म्हणाली, आणि फोन तसाच टेबलावर ठेवून रेकॉर्ड रूमकडे निघाली.