घरी कुणी ऐकत नाही

“घरी शॉर्टवेव्ह रेडिओ कुणी ऐकतं का?” दारात उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं.

नेहा तिचं नाव. एका परदेशी रेडिओ केंद्रासाठी ती मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात घरोघर फिरत होती. हिंदी कार्यक्रम शॉर्टवेव्हवर चालू ठेवायचे की फक्त मोबाइलवर द्यायचे, हे ते लोक ठरवणार होते.

श्रीकांतनं मागं वळून पाहिलं. बैठकीत नागपूरचे पाहुणे होते. श्रीकांतच्या मुलासाठी, सौरभसाठी, त्यांची मुलगी सांगून आली होती आणि आज ते घर पाहायला आले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर श्रीकांतचे थोरले भाऊ भगवंतराव बसले होते. ते बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यातून सकाळच्या बसनं आले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रेडिओ.

काचबिंदूनं भगवंतरावांची नजर जवळजवळ गेली होती. पेपर वाचता येत नव्हता आणि बगीच्यात मोबाइलला रेंज नव्हती. रोज संध्याकाळी ते हेच केंद्र लावून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला दुनियेच्या बातम्या सांगायचे. मघाशी पाहुण्यांनाही कुठल्याशा देशातल्या निवडणुकीचं सांगायला लागले, तेव्हा मुलीचा मामा गालात हसला होता. श्रीकांतची कानशिलं तापली होती.

“नाही जी,” पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आता कोण ऐकते रेडिओ? घरी वायफाय आहे.”

नेहाचं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. “आजोबा, तुम्ही?”

भगवंतरावांनी भावाच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग मांडीवरची पिशवी उचलून हळूच खुर्चीखाली सारली.

“नाई बाई. मी नाई ऐकत.”

तिनं टॅबवर दोनदा बोट टेकवलं आणि ती शेजारच्या घरी गेली.

लग्न ठरलं. कलेक्टर कचेरीतल्या कामाचं निमित्त करून श्रीकांत बोरगावला जायचं टाळत राहिला. त्या दिवशी निघताना भगवंतराव वाकून खुर्चीखाली पिशवी चाचपत होते आणि ती उचलून द्यायलाही तो पुढं झाला नव्हता. तेवढंच त्याला पुन्हा पुन्हा आठवायचं.

चार महिन्यांनी पत्रिका घेऊन मात्र जावंच लागलं. दोघे भाऊ बगीच्यात खाटेवर बसले. श्रीकांत म्हणाला, “लावा न बातम्या.”

“बंद झालं ते. मागच्या महिन्यात शेवटचं बोलले. शॉर्टवेव्ह ऐकणारे राह्यले नाईत म्हणे.”

श्रीकांत म्हणाला, “दादा, त्या दिवशी मी…”

“तुयं काय? तू पाहुण्यायपुढं बोलला. तिनं मले सुदा विचारलं होतं न. मी ‘हाव’ म्हणायले पायजे होतं. सत्तावीस वर्सं त्यायचं ऐकलं, अन् ऐन वक्ताले नाई म्हणून बसलो. लाज वाटून राह्यली मले.”

एका घराच्या उत्तरानं केंद्र बंद पडत नसतं, असं श्रीकांत म्हणणार होता. ते खरंही असेल. त्याच्या तोंडून निघालं नाही.

भगवंतराव उठले. “थैली धर. सौरभच्या सासऱ्याले संत्री ने.”

ते झाडापाशी गेले. पहिलं फळ तोडून त्यांनी श्रीकांतसमोर धरलं. “पाह्य बरं, पिकलं का?”

श्रीकांतनं मान हलवली. मग त्याच्या ध्यानात आलं, त्यांना ती दिसली नाही. ते हात तसाच धरून उभे होते.

“हाव, दादा,” तो म्हणाला.