पडवीतला अंड्याचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे. टाकवे बुद्रुकमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी माझे आयुष्य गेले. पण मित्रांनो, त्या घराचे स्वयंपाकघर मी आतून कधी पाहिले नाही. घरातल्या झुंबरबाई माळकरी. अंडे त्यांच्या चुलीजवळ चालत नसे. म्हणून मी पडवीत खिळ्याला टांगलेला असे आणि माझ्यासाठी तिथेच तीन विटांची वेगळी चूल होती. मला घासायची राखसुद्धा वेगळी ठेवलेली.

कामशेतच्या बाजारात बसणाऱ्या एका लोहाराने मला ठोकून घडवले. या घरची सून शालन हिने मला विकत आणले. तिची नणंद झुंबरबाई लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. त्यांनी मला लांबूनच पाहिले. "आनलास ते आनलास, पन त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नगंस," एवढेच त्या म्हणाल्या.

शालनची मुलगी अपेक्षा माझ्यासमोर वाढली. सकाळी ती स्वतः खुराड्यात हात घालून गरम अंडे काढून आणी. शालन माझ्यावर तेलाचे चार थेंब सोडून अंडे फोडी. कडेला तपकिरी जाळी धरे, मध्ये पिवळा बलक जसाच्या तसा राही. वर चिमूटभर मीठ, तिखट. अपेक्षा त्याला 'डोळ्याचं अंडं' म्हणे. "आई, डोळा फुटला तर मी खानार न्हाई," अशी तिची रोजची धमकी असे. मग तांदळाच्या भाकरीने ती स्वतःच तो डोळा फोडी आणि शेवटच्या तुकड्याने मला पुसून घेई. ते पुसणे मला अजून आठवते.

पुढे शालन जवळच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. सकाळची पाळी असली की ती उजाडायच्या आत घराबाहेर पडे. पडवीतली चूल थंडावली. अपेक्षाने बारावीनंतर पोलीस भरतीचा ध्यास घेतला आणि लोणावळ्याहून न चिकटणारा एक हलका काळा तवा आणला. तोही पडवीतच, गॅसच्या छोट्या शेगडीवर. मी खिळ्यावर राहिलो. पावसाळ्यात माझ्यावर गंज चढला.

मोबाइलवर कोणीतरी तिला सांगितले होते, की बलक म्हणजे नुसती चरबी. त्यामुळे ती अंडे फोडून पांढरे तेवढे तव्यात घेई आणि बलक मोत्यापुढे टाकी. मोत्या म्हणजे घरचा कुत्रा. भाकरी आणि भातही तिने निम्म्यावर आणले होते. मोत्याच्या अंगावर चकाकी आली. अपेक्षाचे गाल बसले.

झुंबरबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अपे, भरतीला त्या मोत्यालाच धाड. तू हितं राखनीला ऱ्हा."

"आत्या, तुला त्यातलं काय कळतंय? तू कधी अंडं खाल्लंस का?"

"खाल्लं न्हाई. पन तुझं तोंड रोज बघती."

भरती जवळ आली आणि सरावाला धावताना अपेक्षा भोवळ येऊन पडली. शालनने रजा टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. तिचे रक्त कमी भरले होते. असेच राहिले तर मैदानी चाचणीत ती उभी राहणार नाही, हे उघड होते. संध्याकाळी शालन पडवीत बसून नणंदेला सांगत होती ते मी ऐकले.

"वन्सं, त्या म्हनल्या गोळ्या चालू ठेवा. नुसत्या अंड्यानं रक्त भरत न्हाई. पालेभाजी, डाळ, वर लिंबू पाहिजे. आन अंडं खायाचं तर सगळं खा. प्रथिनं दोन्हींत हायेत, पन जीवनसत्त्वं म्हनाल तर बहुतेक बलकातच. तळताना तेल बेतानं घाला."

"म्हंजे सगळा माल मोत्यानं खाल्ला," झुंबरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शालनची सकाळची पाळी होती. अपेक्षा अंथरुणातच होती. झुंबरबाई पडवीत आल्या. त्यांनी गळ्यातली माळ पदराखाली सारली आणि मला खिळ्यावरून काढले. इतक्या वर्षांत त्यांचा हात मला पहिल्यांदाच लागला. विटेच्या तुकड्याने आणि राखेने त्यांनी माझा गंज उतरवला, मला तापवले, तेल लावून वरून अर्धा कांदा फिरवला. मग अंडे फोडले. सवय नव्हती, बलक फुटून पसरला.

अपेक्षा दारात उभी होती. "आत्या, तू?"

"डोळा फुटला बग. खानार का न्हाई?"

अपेक्षा खाली बसली. वर लिंबू पिळून तिने भाकरीबरोबर सगळे खाल्ले आणि शेवटच्या तुकड्याने मला पुसले. झुंबरबाईंनी हात धुतले, आंघोळ केली आणि मगच देवापुढे दिवा लावला. हा क्रम नंतर रोजचा झाला. हळूहळू बलक अखंड राहू लागला.

ती भरती अपेक्षाची हुकली. पुढच्या भरतीत ती धावली आणि निवडली गेली. आता ती प्रशिक्षणाला गेली आहे. शालनला कामामुळे सवड नाही. घरात अंडे खाणारे दुसरे कोणी उरले नाही. मी पुन्हा खिळ्यावर आहे.

पण मित्रांनो, माझ्यावर गंज नाही. लोखंडाला फार काही लागत नाही. काम नसले तरी अधूनमधून तेलाचा हात फिरला, की ते टिकून राहते. तुमच्या घरी कुठे असा तवा पडून असेल, तर तेवढे त्याच्यासाठी करा.

माझ्यावर तो हात झुंबरबाई फिरवतात. आज त्यांनी खुराड्यातली अंडीही उचलली आणि पडवीत अंड्यांसाठीच वेगळ्या ठेवलेल्या तांदळाच्या डब्यात जपून पुरून ठेवली. मोत्या शेपूट हलवत जवळ आला, तशा त्या म्हणाल्या, "तुला न्हाई. अपी येनार हाय."